वाळूतला तारामासा घरच्या रीफ टँकमध्ये ठेवावा का?

(बुलढाणा येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे, भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि उत्तरे दिली आहेत.)



बुलढाण्यापासून मुंबईचा समुद्र साडेचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. इतक्या लांब बसून समुद्रातल्या तारामाशावर बोलायचं म्हणजे कुणालाही थोडं नवल वाटेल. पण गेल्या काही वर्षांत घरात मासे पाळण्याची हौस आपल्याकडेही वाढली आहे. गप्पी आणि गोल्डफिशपासून सुरुवात झालेली मंडळी आता खाऱ्या पाण्याच्या टाकीपर्यंत आली आहेत. मोबाइलवर रीफ टँकचे व्हिडिओ पाहायचे, पुण्या-मुंबईच्या दुकानातून प्राणी मागवायचे, पिशवीत ऑक्सिजन भरून ते रात्रीच्या गाडीने मलकापूरला किंवा शेगावला उतरवून घ्यायचे, हे आता नवीन राहिलेलं नाही.

या यादीत एक नाव हमखास असतं. 'सँड सिफ्टिंग स्टार', म्हणजे वाळू चाळणारा तारामासा. दुकानात त्याची ओळख दोन शब्दांत करून दिली जाते: 'वाळू साफ करतो' आणि 'रीफ सेफ आहे'. किंमत परवडणारी, दिसायला सुंदर आणि वर कामाचा. मग कोण नाही म्हणेल? आम्हीही म्हटलं नव्हतं. त्याचं पुढे काय झालं ते सांगूच. आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाट पाहायला नको. घरच्या नेहमीच्या आकाराच्या टाकीत हा प्राणी ठेवू नये. पाणी बिघडल्यामुळे तो मरतो असं नाही. पाणी उत्तम असतानाही तो हळूहळू उपाशी मरतो, आणि ते आपल्याला कळतही नाही. असं का, ते आज समजून घेऊ.

खारं पाणी म्हणजे समुद्र नव्हे

आपल्या जिल्ह्याला खाऱ्या पाण्याची ओळख नवीन नाही. एकीकडे लोणारचं सरोवर आहे, दुसरीकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागातल्या लोकांना विहिरीच्या खाऱ्या पाण्याबद्दल आम्ही काय सांगणार? त्यामुळे एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो: 'पाणी तर आधीच खारं आहे, मग त्यात समुद्रातले प्राणी का जगू नयेत?'

उत्तर असं, की खारेपणा एकाच जातीचा नसतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सगळ्यात मोठा वाटा आपल्या खायच्या मिठाचा, पण त्याबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम ठरलेल्या प्रमाणात असतात. त्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.१ च्या आसपास. लोणारच्या पाण्यात सोड्याचे क्षार भरपूर, आणि सामू १० च्या घरात. तिथे जगतात ते त्या पाण्यासाठीच घडलेले जीव. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, ते अशाच मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. आपल्या दृष्टीने ते मोठं वैभव आहे, पण तारामाशाला ते पाणी म्हणजे विष. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणीही असंच. त्यातले क्षार वेगळे आणि त्यांचं प्रमाण वेगळं.

म्हणून रीफ टँकसाठी आधी पाणी आरओने जवळजवळ क्षारमुक्त करायचं आणि मग त्यात समुद्री मिठाचं तयार मिश्रण घालायचं. दोनशे लिटर पाण्याला सुमारे ७ किलो मिश्रण लागतं. दर आठवड्याला दहावा भाग पाणी बदलायचं म्हटलं तर २० लिटर आरओचं पाणी. एक लिटर शुद्ध पाणी काढताना घरगुती यंत्र दोन-तीन लिटर टाकून देतं असं धरलं, तर आठवड्याला ४० ते ६० लिटर पाणी नुसतं वाहून जातं. ज्या गावात टँकर येतो तिथे या हौसेचा हिशेब आधी घरच्यांसमोर मांडा. टाकलेलं पाणी फरशी पुसायला, भांडी विसळायला वापरा.

तारामाशाच्या बाबतीत पाण्याचं महत्त्व जरा जास्तच आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कंटकचर्मी प्राणिसंघ आहे, आठवतोय का? तारामासा, सी-अर्चिन, सी-ककुंबर या संघातले. नावात मासा असला तरी तो मासा नाही. त्याला कणा नाही, कल्ले नाहीत, पर नाहीत. या संघातला एकही प्राणी गोड्या पाण्यात राहत नाही. कारण तारामाशाच्या अंगातल्या नळ्यांमधून जे पाणी फिरतं ते जवळजवळ बाहेरचंच समुद्राचं पाणी असतं. त्याच पाण्याच्या दाबावर त्याचे नलिकापाद हलतात. शरीरातलं क्षारांचं प्रमाण सांभाळणारी मूत्रपिंडासारखी व्यवस्था त्याच्याकडे नाही. त्यामुळे पिशवीतून काढून एकदम टाकीत सोडला की त्याला मोठा धक्का बसतो. टाकीचं पाणी पिशवीत थेंब-थेंब सोडत तास-दोन तास घ्यावे लागतात.

पण मंडळी, हे सगळं जमतं. हायड्रोमीटर मिळतो, आरओ मिळतो, चिलर मिळतो. वीज गेली तर बॅटरीवरचा पंपही मिळतो. आमचं म्हणणं पाण्याच्या पुढचं आहे.

हा प्राणी खातो तरी काय?

दुकानात 'सँड सिफ्टिंग स्टार' या नावाने जो मिळतो तो बहुतेक वेळा अॅस्ट्रोपेक्टेन या प्रजातीतला असतो, विशेषतः अॅस्ट्रोपेक्टेन पॉलिअॅकँथस. तांबड्या समुद्रापासून हवाईपर्यंत तो पसरलेला आहे. त्याचा एक भाऊबंद आपल्याच किनाऱ्यावर राहतो, अॅस्ट्रोपेक्टेन इंडिकस. मुंबईच्या वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी नीट पाहिलं तर ओल्या वाळूवर पाच बोटांची चांदणी उमटलेली दिसते. खाली हा बसलेला असतो.

त्याची शरीररचना पाहिली की त्याचा स्वभाव कळतो. खडकावर राहणाऱ्या तारामाशांच्या नलिकापादांना चकतीसारखे चोषक असतात, त्यांनी ते खडकाला चिकटतात. याचे नलिकापाद टोकदार, भाल्याच्या पात्यासारखे. चिकटण्यासाठी नव्हे, वाळू उकरण्यासाठी. भुजांच्या कडेला काट्यांची रांग असते, ती वाळू बाजूला सारते. पाठीवर बारीक खुंट्यांची दाट जाळी असते. तिच्यामुळे गाडून घेतल्यावरही वाळू कातडीला चिकटत नाही आणि श्वास घ्यायला पाणी फिरत राहतं. दिवसा बहुतेक वेळ वाळूखाली, संधिप्रकाशात आणि रात्री भटकंती.

आता तोंडाकडे या. आपण शिकलेलो असतो की तारामासा जठर बाहेर काढून शिंपल्यातलं मांस पचवतो. अनेक जाती तसं करतात. अॅस्ट्रोपेक्टेन मात्र भक्ष्य अख्खं गिळतो. छोट्या गोगलगायी, बारीक शिंपले, किडे, कोळंबीच्या जातीतले इवलेसे प्राणी. पचवून झालं की रिकामे शंख-शिंपले तोंडावाटेच बाहेर टाकतो, कारण त्याला गुदद्वारच नाही.

म्हणजे तो शिकारी आहे, मंडळी. झाडू घेऊन आलेला सफाई कामगार नाही. वाळूवरचं तपकिरी शेवाळ हा त्याचा आहार नाही. तो वाळू उलथतो म्हणून वरचा थर पांढरा दिसतो आणि आपल्याला वाटतं की त्याने साफ केलं. घाण बरीचशी फक्त खाली-वर झालेली असते.

याच नावाखाली दुसराही एक तारामासा विकला जातो, आर्कॅस्टर टिपिकस. दिसायला सारखा, पण तो वेगळ्या गणातला. तो जठर बाहेर काढून वाळूवरचा सेंद्रिय गाळ आणि सूक्ष्मजीव पचवतो. त्याच्याकडून गोगलगायींना फारसा धोका नाही. पण त्यालाही मोठी, जिवंत वाळू लागते. घरच्या टाकीत त्याचीही गत शेवटी तीच होते.

टाकीतली वाळू म्हणजे शेत

आता मुद्दा वाळूचा. आपल्यापैकी बरेच जण शेतकरी घरातले आहात, म्हणून शेताचंच उदाहरण देतो. चांगली माती म्हणजे नुसती भुकटी नसते. तिच्यात गांडुळं असतात, किडे असतात, बुरशी असते, जिवाणू असतात. ते पालापाचोळा कुजवतात, माती भुसभुशीत ठेवतात. रीफ टँकमधली जुनी वाळूही अशीच असते. तिच्यात बारीक किडे, कोपेपॉड, अॅम्फिपॉड, पिलांच्या आकाराच्या गोगलगायी राहतात. माशांचं उरलेलं अन्न ते फस्त करतात, वाळूत बिळं करून पाणी खेळतं ठेवतात. आणखी खाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. टाकी निरोगी राहते ती या न दिसणाऱ्या गड्यांच्या जोरावर.

आणि आपण त्या शेतात काय सोडतो? असा एक नांगर, जो नांगरता नांगरता गांडुळंच खात जातो.

समुद्रात यात काही बिघडत नाही. तिथे वाळूला अंत नाही. एका जागचं संपलं की तो पुढे सरकतो, मागे लाटांबरोबर नवी पिलं येऊन रुजतात. वर्षभराने ती जागा पुन्हा भरलेली असते. टाकीत पुढे सरकायला जागा कुठे आहे?

थोडं गणित करू. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकी धरा. दीड फूट उंची असेल तर ती सुमारे २५५ लिटरची, म्हणजे घरच्या मानाने मोठीच. तळ सहा चौरस फूट. त्यातला निम्मा खडकांनी व्यापला, तर उघडी वाळू उरली तीन चौरस फूट. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट असतात. तीन चौरस फूट म्हणजे आपल्या तुळशीवृंदावनाच्या ओट्याएवढी जागा. आता समजा आपला तारामासा १० सेंटिमीटर रुंदीचा आहे आणि तासाला फक्त एक मीटर सरकतो. दहा तासांच्या रात्रीत त्याने १० मीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद पट्टा चाळला. झाला एक चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणे अकरा चौरस फूट. याचा अर्थ एका रात्रीत सगळी वाळू तीनदा चाळून झाली. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, तुम्ही निम्मे करा, पाव करा. तरी आठवड्याभरात त्याने टाकीचा कोपरा न कोपरा पालथा घातलेला असणार.

महिन्या-दोन महिन्यांत खाण्यासारखं संपतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आमच्या टाकीत काय झालं

आमची टाकी अशीच चार फुटांची. वर्षभर नीट चाललेली, दोन इंच बारीक वाळू, काही मासे, थोडे मऊ प्रवाळ. वाळूवर तपकिरी डाग यायला लागले म्हणून आम्ही एक तारामासा आणला. दुकानदाराने सांगितलं ते वर आलंच आहे. दुकानाचं नाव घेत नाही, कारण तेव्हा सगळीकडे हेच सांगितलं जायचं, आणि विचारायचं राहिलं ते आमच्याकडून.

पहिला महिना आनंदात गेला. वाळू दुधासारखी पांढरी. पाहुणे आले की संध्याकाळी दिवा मंद करून आम्ही त्याला वर येताना दाखवायचो. दुसऱ्या महिन्यात वाळूवर बारीक रिकामे शंख दिसू लागले. आम्ही ते गोळा करून मुलांना खेळायला दिले. त्याचा अर्थ तेव्हा कळायला हवा होता. त्याने जेवून टाकलेली ती ताटं होती.

चौथ्या महिन्यापासून तो दिवसाही फिरू लागला, काचेच्या कडेकडेने, सारखा. आम्हाला वाटलं, रुळला आता. खरं तर तो अन्न शोधत होता. सातव्या महिन्यात एका भुजेचं टोक बारीक झालं, मग पांढरं पडून गळालं. आम्ही पाणी तपासलं. क्षार ठीक, सामू ठीक, अमोनिया शून्य. दुकानात फोन केला, तर उत्तर मिळालं की तारामाशाची भुजा पुन्हा येते, काळजी करू नका. ते खरंच आहे, भुजा पुन्हा येते. पण ती उगवायला अन्न लागतं. दुसरी भुजा गळाली, मध्यचकती खपाटीला गेली, आणि एका सकाळी तो वाळूच्या वर उताणा पडलेला होता.

त्या दिवशी आम्ही चमचाभर वाळू काढून पांढऱ्या बशीत घेतली आणि भिंगाखाली पाहिली. तारामासा आणण्यापूर्वी अशी वाळू घेतली की त्यात पाच-सात जीव वळवळताना दिसायचे. आता काहीच हलत नव्हतं. पाणी तपासायचे सगळे संच आमच्याकडे होते, पण वाळूत अन्न शिल्लक आहे का, हे तपासायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

आम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते याचं, की आठ महिने तो आमच्या डोळ्यांसमोर उपाशी होता आणि आम्ही त्याला निरोगी समजत होतो. मासा उपाशी राहिला की पोट आत जातं, तो अन्नावर झडप घालतो. तारामाशाला चेहरा नाही, आवाज नाही. अन्न नसलं की तो स्वतःच्याच शरीरातला साठा वापरत राहतो आणि आक्रसत जातो. महिनोन्‌महिने. म्हणून 'माझ्याकडे सहा महिने जगला' हे वाक्य जेव्हा कुणी कौतुकाने सांगतं, तेव्हा आम्ही हळूच विचारतो, की तो सहा महिने जगला का सहा महिने उपाशी राहिला?

'रीफ सेफ' या शब्दाचा अर्थ

'रीफ सेफ' हा शब्द खोटा नाही. हा तारामासा सहसा प्रवाळाला हात लावत नाही. चॉकलेट चिप नावाचा जो तारामासा मिळतो, तो प्रवाळ खातो; त्याच्या तुलनेत हा गरीब. पण 'रीफ सेफ' म्हणजे हा प्राणी तुमच्या टाकीचं काय करील याचं उत्तर. तुमची टाकी त्या प्राण्याचं काय करील, हा दुसरा प्रश्न. तो कुणी विचारत नाही, आणि पाटीवर त्याचं उत्तर छापलेलं नसतं.

शिवाय मूळात हा प्रवाळावरचा प्राणीच नाही. प्रवाळाच्या आजूबाजूला जी मोकळी वाळू पसरलेली असते, त्या वाळूतला तो. घरच्या रीफ टँकमध्ये आपण खडक आणि प्रवाळ भरतो आणि वाळू उरलेल्या जागेत शोभेपुरती घालतो. म्हणजे पाहुणा बोलावला, आणि त्याची खोलीच घरात नाही.

मग कधीच नाही का? अपवाद आहे. वर्षाहून जुनी टाकी, तळाला दहा-पंधरा चौरस फूट मोकळी बारीक वाळू, त्या वाळूला जोडून वेगळ्या टाकीत किडे-कोपेपॉड वाढवण्याची सोय, आणि टाकीत हा एकच. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा रात्री, दिवे मालवल्यावर, शिंपल्याच्या किंवा कोळंबीच्या मांसाचा छोटा तुकडा त्याच्या अंगाखाली ठेवण्याची चिकाटी. ज्यांच्याकडे एवढं आहे त्यांना आमच्या व्याख्यानाची गरज नाही. बाकीच्यांनी मोह आवरावा.

वाळू स्वच्छ ठेवायची तर

वाळूवर तपकिरी थर येतो तो बहुतेक वेळा अन्न जास्त पडल्यामुळे, पाण्याचा प्रवाह कमी पडल्यामुळे किंवा टाकी नवी असल्यामुळे. म्हणून पहिला उपाय फुकटचा: खाणं कमी करा. दुसरा, पंपाची दिशा बदला, म्हणजे वाळूवर पाणी खेळतं राहील. तिसरा, दर आठवड्याला पाणी बदलताना नळीने वाळूचा वरचा थर हलकेच ओढून घ्या. एका वेळी टाकीचा तिसराच भाग, म्हणजे आतल्या जीवांना धक्का बसत नाही.

तरी मदतनीस हवाच असेल तर नॅसॅरियस गोगलगाय घ्या. ती वाळूत दडून राहते, अन्नाचा वास आला की सोंड बाहेर काढून वर येते आणि उरलंसुरलं खाते. सेरिथ गोगलगाय वाळूवरचं शेवाळ खरवडते. लहान ब्रिटल स्टार, म्हणजे सापासारख्या लवचिक भुजांचा तारामाशाचा चुलत भाऊ, खडकाच्या फटीत राहून पडलेलं अन्न उचलतो. फक्त हिरवा मोठा ब्रिटल स्टार घेऊ नका, तो झोपलेले मासे पकडतो. वाळू तोंडात घेऊन चाळणारे गोबी मासेही मिळतात, पण त्यांचीही हीच अडचण: वाळू रिकामी झाली की तेही खंगतात.

सहलीहून आणलेला तारामासा

आता एक गोष्ट, जी टाकी नसलेल्यांनीही ऐकावी. आपल्या शाळांच्या सहली अलिबाग, दापोली, मालवणला जातात. मुलांना ओहोटीला तारामासा सापडतो. कुणीतरी तो पाण्याच्या बाटलीत घालतं आणि परतीच्या बसमध्ये आणतं. हौस निरागस असते, पण बाटलीतल्या लिटरभर पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, ऊन लागून पाणी तापतं, आणि सिंदखेड राजा यायच्या आत तो मेलेला असतो. मग वाळवून शोकेसमध्ये.

मुलांना एवढंच सांगा: ओल्या तळहातावर घे, खालच्या बाजूचे नलिकापाद हलताना बघ, आणि अर्ध्या मिनिटात जिथून उचललास तिथेच, ओल्या वाळूत ठेव. दहा-पंधरा मिनिटं थांबलास तर तो वाळूत बुडत जाताना दिसेल. कुठल्याही टाकीत हे इतकं छान दिसत नाही.

आणि प्रवाळाबाबत कायदा स्पष्ट आहे. २००१ मध्ये दगडी प्रवाळ, सगळे सी-ककुंबर आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे वाघाच्या पंगतीत. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे. विकत घेताना कागदपत्रं दाखवता येत नसतील तर तो व्यवहार सोडून द्या.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे असा तारामासा आधीच आहे, तीन महिने झाले. आता काय करू?

उत्तर: घाबरू नका. आज रात्री चमचाभर वाळू काढून भिंगाखाली बघा. जीव दिसत नसतील तर उद्यापासून त्याला हाताने भरवायला लागा. तुकडा तुरीच्या दाण्याएवढा, त्याच्या अंगाखाली. उरलेला सकाळी काढून टाका, नाहीतर पाणी बिघडेल. त्याचबरोबर मोठी टाकी असलेला कुणी घ्यायला तयार आहे का ते शोधा. मात्र समुद्रात नेऊन सोडू नका. तो कुठल्या समुद्रातून आला आणि टाकीतून कोणता रोग घेऊन जाईल, हे आपल्याला माहीत नसतं.

प्रश्न: माशांना पांढरे ठिपके आले होते, औषध टाकलं आणि तारामासा मेला. असं का झालं?

उत्तर: त्या औषधात बहुधा तांबं असेल. माशाला सोसेल एवढं तांबंही तारामासा, गोगलगाय, कोळंबी यांना सोसत नाही. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढून औषध द्यावं. ज्या टाकीत एकदा तांबं गेलं, तिथल्या वाळूत आणि खडकात ते मुरून राहू शकतं.

प्रश्न: हा विषारी असतो का? घरात लहान पोरं आहेत.

उत्तर: हाताळल्याने विष बाधत नाही. पण जपानमध्ये अॅस्ट्रोपेक्टेन पॉलिअॅकँथसच्या शरीरात टेट्रोडोटॉक्सिन सापडलं आहे, फुगू माशात असतं तेच विष. म्हणून तो मांजरा-कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका आणि टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवा. मेलेला आढळला तर लगेच काढा. वाळूखाली कुजला तर अमोनिया वाढून बाकीचे प्राणीही जातात.

प्रश्न: सर, तुम्ही सगळंच नका म्हणताय. मग पाहायचं तरी कुठे?

उत्तर: (हसून) बरोबर आहे. मुंबईला गेलात तर पंचांग पाहून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी गाठा. जुहूच्या ओल्या वाळूवर उन्हं चढण्याआधी तासभर चाला, खाली बघत. चांदणीचा ठसा दिसला की थांबा. तुमच्या-आमच्या तीन चौरस फुटांत जे त्याला मिळत नाही, ते तिथे पायाखाली पसरलेलं असतं.

आमच्या टाकीत आज तारामासा नाही. पाच नॅसॅरियस आहेत, आणि रविवारी आम्ही स्वतः नळी घेऊन वाळू साफ करतो. वाळू पूर्वीइतकी पांढरी नसते. पण चमचाभर काढून भिंगाखाली धरली की तिच्यात पुन्हा काहीतरी वळवळतं. ते बघायला कुणाला यायचं असेल तर घर उघडं आहे.